धारेच्या बोलीवर बेस गिटार

मोडनिंब,
दि. ४ सप्टेंबर २०२५

चि. रेश्मीस आजीचा आशीर्वाद. वि. वि. हितं सगळं खुशाल, माझा गुडघा सोडून.

परवा फोनवर तू काय बोललीस त्यातलं मला ‘म्हैस’ तेवढं ऐकू आलं. बाकी डब्यात माशी कोंडल्यागत आवाज. मग तुझ्या बापानं, आदिनाथनं, कानात बोंब मारून सांगितलं, रेश्मी म्हशीच्या पैशाचं गिटार घेणार म्हणती. शेजारणीलाबी ऐकू गेलं. आता गावाला ठाऊक झालंच हाय, तर मला नीट कागदावर लिहून कळव. चौथीपर्यंत शिकलेय, वाचायला येतं.

आदिनाथ म्हणतो, तुझी म्हैस विकून आलेले पैसं तुझ्या बी.एड.ला ठेवायचे. मी म्हणलं, दहावी झाली म्हणून रेडी मी पोरीला दिली हुती, तुला न्हाय. चारा मी घातला, शेण मी काढलं, तू लांबनं पाण्याची नळी धरलीस. पण त्यावरनं मी तुझ्या बाजूची झाले असं समजू नको. म्हैस एकदाच विकता येती. पैसं मातीत घातलेस तर दुसरी म्हैस मी आणणार न्हाय, मग बाप सांगंल ते मुकाट्यानं करायचं.

कसलं गिटार, नवं का कुणी वापरलेलं, कुणाकडनं, सगळं लिही. जेवत जा. लोभ हाय तेवढा हाय, वाढव म्हणून मागू नको.

दगडाबाई

सोलापूर,
दि. ७ सप्टेंबर २०२५

ती. आजीस, रेश्माचा शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, जेवतेही. साधं गिटार नाही गं, बेस गिटार. चार जाड तारा. गाण्यात ते वेगळं कुणाला ऐकू येत नाही, पण थांबलं की पायाखालची फरशी काढून घेतल्यासारखं वाटतं. इतके दिवस माझ्या रूममधल्या चेतनाचं वाजवत होते. तिला हैदराबादला नोकरी लागली, ती गेली आणि गिटारही गेलं. ऑर्केस्ट्रात माझी जागा घटस्थापनेपर्यंतच राखून ठेवलीय. तोवर स्वतःचं वाद्य नसेल तर दुसऱ्याला घेणार.

तुझ्या म्हशीत बसणारी दोनच आहेत. एक नवं. लाल, चकचकीत, वर्षाची हमी, पण तारा उंच आहेत, पाच मिनिटांत बोटं दुखतात. दुसरं मंजुनाथकाकांचं. ते वीस वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गिटार फार चांगलं आहे. नवं असतं तर दोन म्हशी लागल्या असत्या. पण हात टेकतो तिथला रंग गेलाय आणि हमी कसलीच नाही. बाबांपुढे ‘वापरलेलं’ हा शब्द काढायचीही सोय नाही. रात्रंदिवस डोक्यात हेच चालू आहे. तू सांग.

तुझा लोभ मोजून असला तरी चालेल, तोच पुरवून वापरीन.

तुझी, रेश्मा

मोडनिंब,
दि. १० सप्टेंबर २०२५

चि. रेश्मीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

भजनातल्या म्हाताऱ्याचं एका तारेवर भागतं, तुला चार लागत्यात. असो.

मी जन्मात रेडी विकत आणली न्हाय. ती पुढं दूध किती देईल ते तिलाबी ठाऊक नसतं. मी आणली ती कायम दुभती, दुसऱ्याच्या गोठ्यातली. कास दिसती, खोड दिसती. पण आणायची धारेच्या बोलीवर. थोडा विसार द्यायचा, म्हैस आपल्या दावणीला बांधायची, तीन धारा काढून बघायच्या, मग उरलेले पैसं. मनास आली न्हाय तर परत. तसं ते गिटार तुझ्या रूमवर आण आणि वाजवून बघ. मंजुनाथ तयार झाला तर बरं, न्हाय तर आपला रस्ता धर. नव्या गिटाराच्या दुकानवाल्यालाबी हेच विचार, लाजू नको.

आणि तो का विकतोय ते विचार. इतकी वर्षं सांभाळलेलं जनावर कुणी उगंच बाजारात नेत न्हाय.

आदिनाथला मी काय सांगितलं न्हाय. पुढचं पत्र भाजीच्या टेम्पोवाल्याकडं दे, पोस्टमनला मोडनिंब लई लांब पडतं. काळजी घे, मी घेणार न्हाय.

दगडाबाई

सोलापूर,
दि. १४ सप्टेंबर २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

मंजुनाथकाका हसता हसता खोकायला लागले. गिटारला धारेची बोली लावणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. पण अक्कलकोटकडे त्यांच्या आईच्या म्हशी होत्या. कन्नडमध्ये स्वतःशीच काहीतरी पुटपुटले आणि घेऊन जा म्हणाले. दुकानदार मात्र म्हणाला, एकदा प्लास्टिक काढलं की माल तुमचा.

काल पहिल्यांदा वाजवलं. आजी, काय आवाज गं! घंटेसारखा स्वच्छ. तीन धारा कशाला, मी उद्याच पैसे देऊन टाकते, नाहीतर दुसरं कुणी नेईल. का विकता विचारलं तर त्यांनी चहा मागवला. तुम्ही थोडं वाजवून दाखवा असं दोनदा म्हटलं तर दोन्ही वेळा म्हणाले, तूच वाजव.

तुझ्या गुडघ्यालाही माझा नमस्कार सांग.

रेश्मा

मोडनिंब,
दि. १५ सप्टेंबर २०२५

रेश्मे, आशीर्वाद मागनं देईन. टेम्पोवाल्याला थांबवून लिहितेय.

पैसं देऊ नको. बाजाराच्या आदल्या दिवशी लोक धार काढत न्हाईत, कास तुंबवून आणत्यात. पहिल्या धारेला चरवी भरती आणि तुझ्यासारखं खुळं गिऱ्हाईक तितंच पैसं मोजतं. तुझ्या गिटाराची कास कुटं तुंबलीय ते बघ. आणखी एक. म्हैस विकणारा सगळ्यांदेखत स्वतः धार काढून दाखवतो. हा दाखवत न्हाय म्हणजे म्हैस लाथ मारत असणार. चहा पिऊन घे आणि परत विचार.

टेम्पोवाला हॉर्न मारतोय. मला ऐकू येत न्हाय, पण तोंड दिसतंय त्याचं.

दगडाबाई

सोलापूर,
दि. १८ सप्टेंबर २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

कास सापडली. मला देण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तारा नव्या चढवल्या होत्या. फोनवर विचारलं तर म्हणाले, बाजारात न्यायची म्हैस धुतोच की. वाजवून वाजवून तारांचा तो घंटेसारखा आवाज उतरला. मग कळलं की जाड तार एका जागी दाबली की खर्र करते आणि आवाजाचं बटण फिरवताना खरखरतं. पण त्याच्या खालचा आवाज आहे ना, तो तसाच आहे. लाकूड पोटाला लागून थरथरतं. नव्या लाल गिटारला ते कधीच येणार नाही.

तरी मी रागातच गिटार घेऊन गेले. सांगून टाकलं, आजी म्हणते म्हैस लाथ मारत असणार. त्यांनी गिटार मांडीवर घेतलं आणि डावा हात दांडीवर ठेवला. दोन बोटं वळलीच नाहीत, आजी. गेल्या वर्षी लकव्याचा झटका येऊन गेला. बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं, नड दिसली की लोक भाव पाडून मागतात म्हणून.

मग माझ्याच्यानं घासाघीस होईना. दुरुस्तीचे पैसे त्यांनी आपणहून कमी केले. मी घेतलं. गिटार खांद्याला अडकवायचा पट्टासुद्धा दिला त्यांनी, घामानं काळा पडलेला. देताना हात जरा वेळ त्यावरच राहिला. बाबांना फोन केला, ते म्हणाले, तुझी आजी काय म्हणते बघ, मग मी बोलतो. चुकले का गं मी?

रागवायचं असेल तर रागव, पण लिही.

रेश्मा

मोडनिंब,
दि. १९ सप्टेंबर २०२५

चि. रेश्मीस अनेक आशीर्वाद, मागच्या पत्रातले धरून. वि. वि.

घेतलंस ते बरं केलंस. खोड कळली, तिचं पैसं वजा झालं, आता कुरकुर करायची न्हाय. नव्याची खोड तुला पैसं दिल्यावर कळली असती. आदिनाथला मी सांगितलं, म्हैस गोठ्यातनं गेली आणि गोठ्यात आली, तू तुझं काम बघ. बी.एड.चं तुझं तू बघ, पण ऑर्केस्ट्रा बुडाला तर माझ्याकडं रडत येऊ नको.

चुकलीस ती दुसरीकडं. पट्टा घेऊन आलीस. जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं विकणाऱ्याचं असतं. बाजारात कुणी दावं देत न्हाय आणि शहाणा माणूस मागत न्हाय. दावं राहिलं तर गोठा मोडला असं होत न्हाय. मंजुनाथाला हे ठाऊक नसंल का? म्हशीवाल्या बाईचा पोरगा तो. गडी खचलाय, म्हणून सोडून दिलं. आजच्या आज जा आणि त्याच्या हातात दे. म्हणावं, खुंटीला टांग. बोटं वळत नसली तरी कान शाबूत हायत, तवा घटस्थापनेला पुढं येऊन बस आणि ही पोरगी कुटं चुकती ते सांग. फुकट बसू नको म्हणावं.

दिवाळीला येताना गिटार घेऊन ये. मला ऐकू येणार न्हाय, तर माझ्या खाटेला टेकवून वाजव. म्हैस वसूल झाली का न्हाय ते मी बघीन.

आता तुला पट्टा लागंल. तुझी म्हैस विकली तवा तिचं दावं मी काढून घेतलं हुतं. उगंच न्हाय, पुढच्या जनावराला हुईल म्हणून. आज ते धुतलं, उन्हात घातलं आणि वरनं जुन्या चादरीचा काठ दुमडून शिवला. टेम्पोवाल्याकडं देतेय. अडकवायचं कसं ते तुझं तू बघ. खांद्याला टोचंल. टोचलं तर सवय कर, म्हशीनं केली हुती.

लोभाचं मागच्यासारखंच.

दगडाबाई