झाकलेली चार वाक्यं

दि. ३ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, पण आज हात आखडूनच.

तू तुझ्या मुलीच्या फ्रेंचच्या वहीत कागद चिकटवलेस, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. दर रविवारी ती माझ्याकडे शिकायला येते. ज्या रुग्णालयात तिला नर्स म्हणून लागायचंय तिथले निम्मे रुग्ण फ्रेंचच बोलतात. काल मी रुग्ण होऊन खुर्चीत बसले आणि विचारलं, 'वू पार्ले फ्राँसे?', म्हणजे तुम्ही फ्रेंच बोलता का? ती ऐटीत म्हणाली, 'वी, झ पार्ल त्रे ब्यँ फ्राँसे.' हो, मी फार छान फ्रेंच बोलते! मग मी फ्रेंचमध्येच सांगितलं की या गोळीची मला ॲलर्जी आहे. त्यावर ती गोड हसून पुन्हा 'वी' म्हणाली आणि तीच गोळी माझ्यापुढे धरली.

माझं डोकंच फिरलं. वही उघडली तर चार ठिकाणी कागद. पहिल्याखाली 'झ न कोंप्राँ पा', मला समजत नाही. दुसऱ्याखाली 'झ न पार्ल पा ब्यँ', मला नीट बोलता येत नाही. पुढे 'पार्ले प्ल्यू लाँतमाँ, सिल वू प्ले', कृपा करून सावकाश बोला. आणि 'वू पुव्हे रेपेते?', पुन्हा सांगाल का? तिला सगळ्यात आधी लागणार ती हीच वाक्यं, आणि नेमकी तीच तू झाकलीस. कॉलेजात चार वर्षं घासून मी हे शिकले ते तू खळ फासावीस म्हणून नव्हे. खुलासा कर.

ताई

दि. ७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. होय, कागद मीच लावले. अर्जावर फ्रेंच 'अस्खलित' असंही मीच लिहिलं. तीस वर्षं कापडाचं दुकान चालवतोय; गिऱ्हाइकाला 'नाही' म्हटलं की ते समोरच्या दुकानात जातं. माल नसला तरी 'येतोय' म्हणायचं आणि हसायचं. मुलाखत पाच मिनिटांची, तेवढ्यात कोण खोलात जातं? पोरीचं भलं व्हावं एवढंच मनात होतं. तू मात्र लहानपणासारखी कान धरूनच बोलतेस.

रागातला थोडा कमी करून लोभाकडे वळवावा.

धाकटा

दि. १५ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

रुग्ण म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. तो समोरच्या दुकानात जात नाही, जिवानिशी जातो. एवढं तरी तुझ्या मापाच्या पट्टीने मोजून बघ.

कागद मी ओल्या फडक्याने सोडवले. 'झ' म्हणताना जीभ टाळूला टेकवायची नाही, शब्दाच्या शेवटची अक्षरं बहुतेक गिळायची, हे तिच्याकडून आठवडाभर घोकून घेतलं. काल मुलाखतीला तिच्यासोबत गेले. मेट्रनबाईंनी चष्मा काढून विचारलं, 'अस्खलित' कोणी लिहिलं? पोरगी लाल झाली, पण वडिलांनी लिहिलं हे तिने सांगितलं. मग म्हणाली, 'झ पार्ल अँ प फ्राँसे', मी थोडंसंच फ्रेंच बोलते. तो 'प' ओठांचा चंबू करून म्हणायचा असतो. तिने बरोबर म्हटला.

मेट्रनबाई हसल्या नाहीत. फ्रेंचमध्ये भरभर काहीतरी बोलल्या. तिने सावकाश बोलायची विनंती केली, मग पुन्हा सांगायची, मग आणखी एकदा. तेव्हा कुठे उत्तर दिलं, आणि ते बरोबर निघालं. जुना अर्ज तिथेच फाडला गेला. तिला कामावर घेतलं, पण वॉर्डात सहा महिने पाऊल टाकायचं नाही. तोवर उपकरणं उकळायच्या खोलीत काम आणि संध्याकाळी भाषेचा वर्ग. तोंड वाकडं करू नकोस. तुझ्या त्या एका शब्दापायी तिला दारातूनच परत पाठवलं असतं तरी मी मेट्रनबाईंचीच बाजू घेतली असती.

इतकं कोणी परक्यावर रागावत नाही, हे ध्यानात ठेव.

ताई

ता. क. काल दुपारी झालेली देवघेव, तुझ्या माहितीसाठी : मुलीने दिला, नवा अर्ज एक, स्वतःच्या अक्षरात. मेट्रनबाईंनी दिले, निळे एप्रन दोन, खोलीची किल्ली एक, वर्गाचं वेळापत्रक एक. सगळं मिळाल्याची सही मुलीने केली. साक्षीदार म्हणून मी.