मोठ्या जावयाच्या बारा डिग्री

४ मे, रविवार
आदिनाथचं, म्हणजे मेहुण्याचं, लग्न अकरा तारखेला. केजला. परण्याला, म्हणजे मारुतीला जाऊन मांडवात येणाऱ्या मिरवणुकीला, नवरदेव माझ्याच गाडीत बसणार. मोठ्या जावयाचा मान आहे, सासऱ्यांना वेगळं सांगायची गरज नाही. तरी सांगितलं. म्हणाले, ज्याची गाडी दमानं चालंल त्याच्यात बसवू. रोख माझ्याकडे नसावा.

५ मे
साडू विजयसिंहने माझं बघूनच ह्या मॉडेलची जुनी गाडी घेतली. माझी सकाळी कुरकुर करते, त्याची चावी लावताच चालू. आपण कुणावर जळत नाही. पण रंगसुद्धा तोच घ्यायचा?

६ मे
बंकट मिस्त्रीकडून टायमिंग जुळवून घेतलं. म्हणजे स्पार्क केव्हा पडायचा ते. गाडी एकदम मस्त. सहज विचारलं, साडूची किती डिग्रीवर? आठ. आणि माझी? आठच. मोठा जावई आणि धाकटा जावई एकाच मापात. जेवण गेलं नाही.

७ मे, सकाळ
स्पार्क वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करून तो स्वतः फिरवला. बारा केलं. मिस्त्री याला ॲडव्हान्स म्हणतात. ॲडव्हान्स म्हणजे पुढे, यात शिकायचं काय? चढाला खडखड वाजते. ताकदीचा आवाज आहे. दीपमाला म्हणाली, कालपर्यंत बरी होती की. तिची सख्खी बहीण विजयसिंहच्या घरात दिलेली, त्यामुळे तिचं मत धरत नाही.

८ मे
विजयसिंहचा फोन. काही अडलं तर माझी गाडी आहेच, म्हणे. म्हणजे मानावर डोळा आहे. आणखी थोडा फिरवला. आता डिग्री मोजत नाही, कानावर घेतो.
संकल्प : लग्नापर्यंत बॉनेट उघडायचं नाही.

८ मे, दुपार
उघडलं. थोडंसंच.

१० मे
शिरूरहून केजला आलो. वाटेत दोनदा तापली. ऊनच तसं आहे. विजयसिंहची तापली नाही. सावली बघून चालवत असणार.

११ मे, संध्याकाळ
परण्या निघाला. पुढे बँड, मग नवरदेवासह मी, मागे विजयसिंह. आरशात त्याचं तोंड बघत चालवत होतो. फार बरं वाटत होतं. मारुतीच्या देवळाअलीकडे गाडी खडखडली आणि बंद पडली. चावी फिरवली की स्टार्टर उलटा झटका देई. एकदा कार्बोरेटरमधून असा बार निघाला की बँडवाल्यांना फटाका वाटला, ते आणखी चेकाळले. आदिनाथ उतरून म्हणाला, दाजी, मी पायीच जातो. सासऱ्यांनी फेट्याच्या शेमल्याने नुसतं तोंड पुसलं.

विजयसिंह पाना घेऊन आला.

"साडूभाऊ, किती केलंय टायमिंग?"

तुमच्यापेक्षा जास्त, म्हणालो.

"कावून पण?"

का केलं, म्हणे. तो हसलासुद्धा नाही. हसला असता तर भांडता आलं असतं.

इंजिन निवल्यावर त्याने डिस्ट्रिब्युटर मागे फिरवला, गाडी गुमान चालू झाली. सासरे त्यालाच म्हणाले, आता तुमीच बसा चालवायला.

तरी मान राहिला. देवळातून मांडवापर्यंत नवरदेव माझ्याच गाडीत गेला. विजयसिंहची गाडी घेऊन मी मागे. शेजारी दीपमाला. वाटेत तिने दाराची मूठ सोडली, मागे टेकून बसली आणि म्हणाली, "आज लई चांगली चालवताय तुमी."

आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. पहिल्यांदाच म्हणाली.