एकाच माणसाची गाडी

केडगाव,
सोमवार, ता. १७ फेब्रुवारी १९४७

प्रिय शांतू यास थोरल्या भावाचा सलाम.

आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, एवढंच. पाय बरा झाल्यावर तू बेलापूरला ट्रक चालवू लागलास, हे आपल्या धाकट्या बहिणीकडून, दयाकडून कळलं. मला दोन ओळी लिहिल्या असत्यास तर हात झिजला नसता. असो. रागवायचा हक्क सध्या माझा नाही.

आपली शर्यतीची गाडी पुन्हा उभी केली. लष्करी भंगारातले तेच पाइप, मोडक्या फोर्डचं तेच इंजिन, मधोमध एकच सीट. गाडीचे मालक सूर्यभानराव म्हणाले, "मिस्त्री, सीट रुंद करा, आता दुसरा गडी बसंल." मी साफ नाही म्हणालो. तुझ्या कमरेचं माप सुतळीनं घेऊन बनवलेली सीट ती! गुदगुल्या होतात म्हणून गाढवासारखा हसत होतास.

काय पळायची रे! पुण्याकडच्या त्या जुन्या धावपट्टीवर पहिल्यांदा तिसरी, दुसऱ्यांदा थेट पहिली. साहेबांच्या विलायती गाड्या मागं. मी टोपी उडवली ती सापडलीच नाही.

मग मे महिन्यातली तिसरी शर्यत. चाक निखळलं, तुझा पाय मोडला. सगळे म्हणाले, पोरानं मस्तीत वळण घेतलं. बाबा म्हणाले, रविवार, प्रभूचा दिवस मोडलास त्याची ही शिक्षा, आता घरात पाऊल टाकू नकोस. तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली मान घालून बूट बघत राहिलो.

शांतू, आता ऐक. शर्यतीच्या सकाळच्या सरावात चाकं जागेवर बसतात, त्यानं नट ढिले पडतात. सराव झाला की ते पुन्हा आवळायचे, हे मीच तुला शिकवलं. आधीच्या दोन्ही शर्यती शनिवारी होत्या. ही रविवारची. रविवारी पान्याला हात लावणार नाही, असं मी बाबांना वचन दिलं होतं. म्हणून शनिवारी संध्याकाळीच आवळले आणि पाना पेटीत टाकला. सकाळी सरावानंतर तू विचारलंस, "दादा, नट बघितले का?" मी म्हणालो, "व्हय." खोटं बोलायला मात्र रविवार आड आला नाही!

नऊ महिने हे पोटात ठेवलं. काल चर्चमध्ये उपासना संपल्यावर सगळ्या मंडळीसमोर उभं राहून सांगून टाकलं. बाबा पुढच्याच बाकावर होते. घरी येऊन जेवले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "माझ्या लेकराला मी लई बोललो रे," आणि रडायला लागले. बाबांना रडताना मी आयुष्यात प्रथमच बघितलं.

आज सकाळी सूर्यभानरावांनाही सांगितलं. गाडी शांतवनच चालवंल, मिस्त्री मात्र दुसरा बघतो, असं म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मला माफ कर, असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. मला भेटावंसं वाटलं नाही तर भेटू नकोस, पण गाडीसाठी ये.

पुढची शर्यत सहा एप्रिलला आहे. रविवार आहे. बाबा बघायला येणार म्हणतात.

तुझ्याशी खोटं बोललेला तुझा दादा,
कृपादान