फॉर्म नंबर सत्तेचाळीस

३ फेब्रुवारी, सोमवार
कॉलेजच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला सर्व्हेचा व्हॉलंटियर नेमलं. होस्टेलमध्ये कोण किती पितं, याचे फॉर्म वाटायचे आणि गोळा करायचे. नाव लिहायचं नाही, नुसता नंबर. योग्य माणूस निवडला. मीही घेतो, पण फक्त शनिवारी आणि एकच ग्लास. कंट्रोल म्हणतात तो हाच. बाकीच्यांची कीव आली.

५ फेब्रुवारी, दुपारी
ट्रेनिंग. आम्ही तिघंच. बाईंनी आपापला ग्लास आणायला सांगितला होता. म्हणाल्या, एरवी दारू जेवढी ओतता तेवढं पाणी ओता. मग ते मोजलं. एकाचं साठ मिली भरलं, दुसरा पीतच नाही. माझं एकशेऐंशी. म्हणजे सहा पेग. ते दोघं हसले. मीही हसलो, जरा जास्तच. बाई हसल्या नाहीत. ग्लास रूममेटचा आहे, असं सांगून वेळ मारून नेली.

६ फेब्रुवारी
स्वतःचा फॉर्म भरला, नंबर सत्तेचाळीस. विज्ञानाशी खोटं बोलायचं नाही. नाव थोडंच आहे?
‘एका वेळी किती?’ १८० मिली.
‘प्यायल्यावर काय घडलं ते आठवत नाही, असं झालंय का?’ इथे पेन अडलं. रूममेट नऊला झोपतो, म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणतात. तो सांगतो, गेल्या शनिवारी मी गच्चीच्या कठड्यावर पाय बाहेर सोडून बसलो होतो. चौथा मजला. मला काहीच आठवत नाही. आजोबाला तिखटमीठ लावायची सवय आहे.
‘हो’वर टिक केली. फॉर्म गठ्ठ्याच्या मधोमध सरकवला. हात गार पडले होते. पंखा जोरात असावा.

१२ फेब्रुवारी
बाईंनी एकशे बारा फॉर्म वाचले. म्हणाल्या, सरासरीची मला भीती नाही, सत्तेचाळीस नंबरची आहे.
"हा पोरगा एक दिवस हातचा जाईल, आणि आपण म्हणू, किती गुणी होता."
त्याला शोधून आण, म्हणाल्या. मलाच. शोधतो म्हणालो.
निश्चय: शनिवार बंद. कायमचा.

१५ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी ६
एकदम बंद केलं तर शरीराला धक्का बसतो, असं कुठेतरी वाचलंय. अर्धाच ग्लास.

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ७
जिन्यात जाग आली. गुडघा सोललाय. गच्चीच्या दाराला कुलूप, आणि दाराला पाठ लावून आजोबा बसल्या बसल्या झोपलेला. त्याच्या हातावर नखांचे ओरखडे. उठवून विचारलं, काय झालं.
"तू मला दोनदा आई म्हणालास," एवढंच बोलला आणि आंघोळीला गेला.
मी घाबरलोय. इथे कोण वाचतंय? फार घाबरलोय.

१७ फेब्रुवारी, सोमवार
दवाखान्यात गेलो. सत्तेचाळीस सापडत नाही, होस्टेल सोडून गेला असावा, असं वाक्य पाठ करून नेलं होतं. बाईंनी फॉर्मचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. मी चाळला. कुणी ‘दोन ग्लास’ लिहिलंय, कुणी ‘थोडी’, कुणी ‘मूड असेल तशी’. मिलीत एकानेच लिहिलंय.
पाठ केलेलं वाक्य आठवेना.
"सापडला का?" बाईंनी विचारलं.
सापडला, म्हणालो. बाहेर उभा आहे.
"मग बोलाव त्याला आत."
दार उघडून बघितलं. बाकावर कोणी नव्हतं. दार लावून घेतलं आणि पेशंटच्या खुर्चीत बसलो.