मोकळी दुपार

४ एप्रिल

आजपण घरीच! अजून सवय होत नाहीये. जेवणाची भांडी घासून वळले तर हे सोफ्यावर. पंख्याकडे बघत.

कंपनीत हार झाले, शाल झाली, फोटो झाले. मला वाटलेलं, रिटायर म्हणजे झाली एकदाची धावपळ बंद. रिटायर म्हणजे दिवसभर घरी — हे काही डोक्यात आलेलं नव्हतं माझ्या.

लग्नाला चौतीस वर्षं. सकाळी डबा घेऊन एमआयडीसीत, संध्याकाळी परत. मधली दुपार माझी. राजरत्न शाळेत जायचा तेव्हाही माझी, तो पुण्याला नोकरीला लागला तेव्हापासून तर पुरती माझी. उन्हाळ्यात बाल्कनीच्या दारापाशी लादीवर पाणी शिंपडायचं, पुसून घ्यायचं आणि उशीबिशी न घेता तिथेच आडवं व्हायचं. पदर कुठे, पाय कुठे. रेडिओ हळू. बाजूला वाटीत कैरीच्या फोडी, तिखट-मीठ लावलेल्या. खाडीकडून वारा आला तर आला. काय करतेस, असं विचारणारं कोणी नाही.

आज खुर्चीत बसून तांदूळ निवडले. निवडलेलेच होते, तरी.

७ एप्रिल

यांनी किचनमधले सगळे डबे खाली काढले! कंपनीत स्टोअर सांभाळायचे ना — तसे लावले. डाळी एका रांगेत, मसाले एका. "बघ, आता डोळे मिटून हात घातलास तरी सापडेल." मी घातला. हळदीच्या जागी बेसन.

"माझं किचन आहे हो, तुमचं स्टोअर नाही," म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

हसले. मग मी आंघोळीला गेले तेवढ्यात सगळे डबे होते तसे परत ठेवले. एकही इकडचा तिकडे नाही. कुठला डबा कुठे असतो, इतकं ठाऊक आहे यांना? कधी बघून ठेवलं?

१० एप्रिल

ताडगोळे आणले. इतके, की शेजारच्या दक्षतालाही दिले. मी सोलायला बसणार तर म्हणाले, तू बस. अंगठ्याने साल अशी उतरवत होते की आतलं पाणी एक थेंब सांडलं नाही.

"कुठे शिकलात?"

"आय सोलायची. मी समोर बसायचो."

एकेक सोलून माझ्या वाटीत टाकत होते. मी म्हटलं, पुरे हो, सर्दी होईल मला. ते थांबले. खरं तर मला अजून हवे होते!

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात वंदना, मग दिवसभर पाहुणे. संध्याकाळी मिरवणूक आमच्या गल्लीत आली तेव्हा मी बाल्कनीत उभी होते. निळ्या फेट्यात एक माणूस नाचत होता, दोन्ही हात वर करून, डोळे मिटून. दक्षता म्हणाली, "काकू, काका बघा!" मी म्हटलं, कुठे? समोर दिसत असून ओळखला नाही मी माझा नवरा.

वर आले ते घामाने निथळत. "गुडघे दुखतील उद्या," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही का मला?

१७ एप्रिल

गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. यांनी कावळे राखले. छत्री घेऊन! शेजारचे हसत होते. मीही हसले, पण तोंड दुसरीकडे करून.

१९ एप्रिल

सगुणाचा फोन. हे कलिंगड आणायला खाली गेलेले. कल्याणला कशी आग पडलीय ते सांगून झालं, मग म्हणाली, "ताई, मजा आहे बाई तुझी. भाऊजी दिवसभर घरी!"

मी सुटलेच. म्हटलं, कसली मजा गं, माझी दुपार मेली. हे समोर बसले की भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. सगळा जन्म बाहेर काढलेला माणूस बाहेरच बरा. कुठेतरी नोकरी लागू दे यांना, म्हणजे मी सुटेन.

सगुणा खो खो हसली. मीपण.

वळले तर हे दारात. कलिंगड काखेत. एक चप्पल पायात, एक काढलेली.

"आत्ता कापू की संध्याकाळी?" म्हणाले.

चेहऱ्यावर काही नव्हतं. ऐकलं नसेल. आत्ताच आले असतील.

२० एप्रिल

जेवण झालं आणि यांनी शर्ट चढवला. "महिपतकडे जाऊन येतो." महिपत यांच्या कंपनीतला, आधीच रिटायर झालेला, माजिवड्याला राहतो.

"एवढ्या उन्हात?"

"छत्री हाय ना."

दार लागलं. मी थोडा वेळ तशीच उभी. मग बादली घेतली, लादीवर पाणी टाकलं, पुसलं — आणि आडवी! अहाहा. काय गार! रेडिओ मोठा केला. मीपण गायले बरोबर, बेसूर.

किती बरं वाटलं ते लिहितेय. लपवायचं कशाला.

२५ एप्रिल

रोज जातात. महिपतचा गुडघा दुखतो, त्याला तेवढीच सोबत, असं म्हणतात. मी खोदून विचारत नाही. आज कैरी घालून सुकट केलं, गरम भाकरी, दुपारी उशिरा एकटीने खाल्लं. मग झोप. संध्याकाळी हे आले तेव्हा चेहरा लालबुंद, मानेवर मीठ सुकलेलं. पाणी दिलं. "गार आहे," म्हणाले, जसं काही परक्याच्या घरी पाणी मिळालं.

२८ एप्रिल

दुपारी फोन वाजला. महिपत.

"वहिनी, भिवाजी आहे काय? फोन उचलत नाय."

"अहो, तुमच्याकडेच तर आलेत!"

"माझ्याकडे? नाय वहिनी. सेंडऑफनंतर भेटच नाय आमची. म्हणून तर फोन केला." आणि लगेच घाईघाईने, "येत असेल, येत असेल." बिचारा! त्याला वाटलं आपण काहीतरी बिघडवलं.

कैरीची वाटी तशीच राहिली. नाही नाही ते मनात आलं. या वयात कुठे जात असतील? कोणाकडे?

संध्याकाळी आले. चहा देताना विचारलं, "कसे आहेत महिपतभावजी?"

"मजेत. तुला विचारत होता."

कपात बघून बोलले. मीही चमचा ढवळत बसले.

२९ एप्रिल

दक्षतानेच सांगितलं, मी न विचारता. "काकू, काका रोज दुपारी विहारात असतात ना? मी मुलीला चित्रकलेच्या क्लासवरून आणते तेव्हा बाहेर त्यांच्या चपला दिसतात."

विहार आमच्यापासून दोन गल्ल्या. छत्री घेतली नि गेले. रस्त्यावर माणूस नाही. दुकानांची शटरं अर्धी खाली, कुत्री रिक्षांच्या खाली. पाय भाजत होते चपलेतून.

विहाराच्या दारातच जाईबाई बसलेली, मेणबत्त्यांचं सांडलेलं मेण लादीवरून खरवडत. साफसफाई तीच बघते. आत अंधारं, गार. पंखा कुरकुरत होता. आणि कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, हे. सतरंजीवर. शर्टाची घडी उशाला. बनियन पाठीला चिकटलेलं.

जाईबाई हळूच म्हणाली, "रोज येतात गो बाय. मी इचारला, घरी पंखा नाय काय? तर बोलले, घरी तिला जरा मोकळं वाटू दे."

म्हणजे ऐकलेलं. सगळं.

"उठवू काय?" जाईबाई उठायला लागली.

"नको," मी म्हटलं. "झोपू द्या त्यांना. मी आलेले ते सांगूपण नका."

आणि परत आले.

खरं लिहू? पायऱ्या उतरताना सुटल्यासारखं वाटलं. उठले असते तर काय बोलले असते मी? ते टळलं. आणि हेही मनात आलं, की अजून अर्धी दुपार शिल्लक आहे. आलं खरं मनात.

घरी येऊन लादीवर पडले. झोप नाही. घरभर यांच्या वस्तू — चष्मा, पेपर, बामची बाटली. महिन्याभरात या घरात त्यांना एक कोपरा मिळाला नाही, म्हणून ते सतरंजीवर. उठवायला हवं होतं. हात धरून घरी आणायला हवं होतं!

३० एप्रिल

आज सांगायचं ठरवलेलं. हे बटणं लावत होते.

"आज नका जाऊ. ऊन फार आहे."

"महिपत वाट बघेल."

"बरं," मी म्हटलं.

बरं?! काय झालेलं माझ्या तोंडाला?

२ मे

आमरस केला. यांनी वाटी पुसून खाल्ली. "छान झालाय गं." माझ्याकडे बघत होते, काहीतरी ऐकायला थांबल्यासारखे. हीच वेळ होती. मी म्हटलं, "आणखी वाढू?"

५ मे

नोकरी लागली यांना. शीळफाट्याला कुठल्याशा गोडाऊनमध्ये, स्टोअर बघायचं. सकाळी लवकर जायचं, अंधार पडल्यावर परत. रविवार सुट्टी. हे सगळं दाराशी चपला घालताना सांगितलं, जसं काही भाजी आणायला चाललेत.

"अहो, साठी झाली तुमची!"

"बसून गंज चढतो."

मग मी धीर केला. म्हटलं, "मी सगुणाशी बोललेले ना त्या दिवशी... ते गमतीत हो. बहिणी-बहिणी बोलतो आम्ही काहीबाही."

माझ्याकडे सरळ बघितलं. "काय बोललेलीस? मी काय ऐकलं नाय."

रागावले असते तर बरं झालं असतं. भांडले असते, मी रडले असते, मिटलं असतं. मला वाचवायला खोटं बोलले, आणि माझं पुढचं सगळं बोलणं तिथेच संपलं.

६ मे

पुन्हा डबा. चपात्या, भेंडी, कैरीचं लोणचं. जिन्यावरून खाली जाताना वळून बघतील म्हणून दारात थांबले. नाही बघितलं.

९ मे

राजरत्नचा फोन. "आई, बाबांना काय गरज होती? घरी बसायला काय होत होतं त्यांना?"

"त्यांना कामाची आवड आहे रे," मी म्हटलं.

हे येतात ते पाय सुजलेले. गरम पाण्यात पाय ठेवून बसतात, जेवतात, आडवे होतात. "आज काय झालं?" विचारलं तर "काय नाय, रोजचंच." एप्रिलमध्ये डबे, ताडगोळे, कावळे — केवढं बोलत होते! मीच एकेक शब्दाने गप्प करत होते त्यांना.

दुपार मोकळी आहे. पूर्ण मोकळी. रेडिओ लावत नाही.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. यांना सुट्टी नाही मिळाली. "नवीन माणूस आहे, मागायचं कसं?" पांढरी साडी नेसून एकटीच गेले विहारात. गर्दी होती. जाईबाई म्हणाली, "भिवाजी येत नाय आताशा?" म्हटलं, कामाला लागलेत. "या उन्हात?" तिने विचारलं. मी मेणबत्ती लावायला पुढे झाले.

यांच्यासाठी खीर ठेवली. आले तेव्हा भूक नाही म्हणाले.

१८ मे

रविवार. हे घरी! सकाळपासून मीच गडबडीत. जेवणं झाल्यावर बाल्कनीपाशी लादी गार करून घेतली, चटई टाकली, उशीला धुतलेला अभ्रा घातला. म्हटलं, "इथे वारा येतो. इथे झोपा."

"ती तुझी जागा हाय," म्हणाले, आणि आतल्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं. लावलं नाही. ओढलं. माझा आवाज त्यांना नको म्हणून नाही — त्यांचा मला नको म्हणून.

चटई रिकामी. मी बाजूला बसून राहिले, तिच्यावर कोणीतरी झोपलंय तशी.

२० मे

आज सांगून टाकलं. जेवताना. म्हटलं, मी आलेले विहारात, महिनाअखेरीला. जाईबाई उठवत होती तुम्हाला, मीच नको म्हटलं. तुम्ही झोपलेले.

हे भात कालवत होते. हात थांबला नाही.

"जागाच होतो मी," म्हणाले. "वाटलं, हाक मारशील."