उदबत्ती संपेपर्यंत

प्रिय तोकुदादा,

तुझं पत्र पोचलं. बर्फ वितळला की आईला परत मियाझूला तुझ्या घरी न्यायचं म्हणतोस. उत्तर देते, पण आधी थोडं बोलू दे. तुझ्यासारखं गप्प बसणं मला कधी जमलं नाही.

आई बरी आहे. खुब्याचं हाड जुळलं, पण उठायला कोणाचा तरी हात लागतो. आमच्या टोफूच्या दुकानामागची खोली तिला दिली आहे. तिथून पडल्या पडल्या ती माझ्या नवऱ्याची फिरकी घेते, "जावईबापू, तुमचा टोफू माझ्या गुडघ्यांपेक्षा ढिला झालाय." तो बिचारा हसतो.

तू बँकेतून निवृत्त होऊन डोंगरावरच्या मठात जायला लागलास, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला होता. गुरुजींनी सांगितलं, रोज सकाळी घरी ध्यानाला बस, एक उदबत्ती जळून संपेपर्यंत उठायचं नाही. आवाज आला तर येऊ दे, गेला तर जाऊ दे. सुरुवातीला एकदा पायाला मुंग्या येऊन तू कागदी दारावर कोसळलास. आईने गल्लीभर सांगितलं, "आमचा तोकु बुद्ध व्हायला निघाला आणि दारातून आरपार गेला!" पण तुझी सवय मोडू नये म्हणून तेवढा वेळ ती नळसुद्धा सोडत नसे. किटली वाजायच्या आत उतरवायची. ती शांतता आईने राखलेली होती आणि तुला वाटलं, तुझ्या आतून आली.

त्या सकाळी ती मागच्या दारी वळचणीला वाळत टांगलेले मुळे काढायला गेली आणि बर्फावरून घसरली. तिने तुला हाका मारल्या. दवाखान्याच्या बाकावर मी विचारलं, तुला ऐकू नाही आलं का? नाही म्हणाला असतास तर मी विश्वास ठेवला असता. तू शांतपणे म्हणालास, "आलं ना. आवाज आला, जाऊ दिला." उदबत्ती संपली, तू ध्यानाच्या गादीला नमस्कार केलास, ती थोपटून नीट केलीस आणि मग मागच्या दारी गेलास. गुरुजी तुझ्यावर भडकले म्हणे, "गाढवा, घर पेटलं असतं तरी बसून राहिला असतास का?" हेही तूच मला सांगितलंस, जसा काही आणखी एक धडा मिळाला. दादा, मला तेव्हा तुझा भयंकर राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

आता ऐक. आई हल्ली हाक मारत नाही. परवा अंथरूण ओलं झालं. मी चिडले, अगं, बोलवायचं नाही का मला? तर म्हणाली, "तुझं चुलीवर उकळत होतं ना, म्हटलं होऊ दे तुझं." जरा चाहूल लागली की हातातलं टाकून धावत जाते मी. सोयाबीनचा रस कितीदा उतू गेला, कढई करपली, नवरा कुरकुरला, तरी तिचं आपलं तेच. जिच्या एका हाकेसरशी आपण दोघं बंदरावरून पळत घरी यायचो, ती बाई आता छताकडे बघत वाट बघते. तुझ्यापेक्षा तिची बैठक पक्की झाली आहे.

हे पत्र त्यासाठीच. तू विचारलंस म्हणून मीही तिला विचारलं. ती यायला एका पायावर तयार आहे. म्हणते, "तोकु एकटा असतो गं. मी त्याला अजिबात त्रास देणार नाही." ती खरंच देणार नाही, म्हणूनच मी तिला पाठवणार नाही. तुला भेटायचं असेल तर इथे ये, तिच्याजवळ बस, आणि हाकेची वाट न बघता तिला काय हवं ते विचार. तुझ्या उदबत्त्या संपत आल्या असतील, असं म्हणून तिने एक पुडा पाठवायला सांगितला आहे. सोबत ठेवला आहे. उदबत्तीवाल्याच्या दुकानात होत्या त्यांतल्या सगळ्यात आखूड बघून घेतल्या.

तुझीच,
सायो