ग्रुपवर सगळे हजर

१२ जानेवारी, सकाळ
वाडीचा ग्रुप काढला. नाव 'नळ आलाच पाहिजे'. एकदम कामाचं बोललं की माणूस बिचकतो, म्हणून आधी एकेकाची विचारपूस केली. आत्माराम, गुडघा काय म्हणतो? विमलावहिनी, साखर उतरली का? महेंद्र, पोरा, तुझी पाठ? सूनबाई स्नेहल, मुंबईच्या पाण्याने खोकला गेला का?
उत्तर एकच. आत्मारामचा अंगठा. म्हणजे गुडघा बरा आहे.

१५ जानेवारी
घरात रेंज नाही. वर सड्यावर, डोंगरावरच्या उघड्या पठारावर, कातळ भाजतो, पण रेंज फुल्ल. विहिरीपाशीही एखादी दांडी येते. आमची बायको प्रेमला पाण्याला दिवसाला चार खेपा घालतेच. म्हटलं, हंडा भरेस्तोवर मेसेज बघत जा. नुसती बघत राहिली. आवडलं असावं.

१९ जानेवारी
२६ला ग्रामसभा. नळाचा ठराव झाला तर वाडी यंदाच्या यादीत, नाहीतर पुढलं वर्ष. सभेला शंभर माणूस लागतो. ग्रुपात १४३. चिंता मिटली.
प्रेमला म्हणे, त्यातले निम्मेअधिक मुंबईला. ती सातवी, मी चौथी, पण मोबाइल मी आपला आपण शिकलो. मोबाइलला मुंबई काय नि आपली वाडी काय.

२३ जानेवारी
सभेचा मेसेज टाकला. १३१ जणांनी वाचला. वाचला म्हणजे येणारच.
प्रेमला गावभर दारोदार फिरून सभेला या सांगते. चपला झिजवायचे दिवस गेले, असं समजावलं. संध्याकाळचा चहा मिळाला नाही.

२४ जानेवारी
रत्नागिरीहून सेल्फी स्टिक आणली. नळासाठीच.

२६ जानेवारी, दुपारी १
सभा शाळेत. तिथे रेंज नाही, म्हणून सड्यावरून लाइव्ह केलं. दोन तास. मताचा हक्क बाबासाहेबांनी दिलाय, घरात बसू नका, सभेला जा, असं पोटतिडकीने सांगितलं. बघणारे बावीस. महेंद्रने अंधेरीहून लिहिलं, बाबा, झकास.

संध्याकाळ
सभा तहकूब. माणूस कमी पडला. यादी आमच्याविना वर गेली. लोकांना लोकशाहीची किंमत नाही. किती कमी पडला विचारलं, तर आत्माराम गुडघा चोळत हसत बसला. प्रेमला जेवण वाढून लगेच निजली. दमली असेल.

२७ जानेवारी, सकाळी ९, सड्यावर
झालं गेलं. ग्रुपवर टाकलं, १ मेच्या सभेला कोण कोण येणार, कळवा. १२८ जणांनी वाचलं. दोन अंगठे, एक गुलाबाचं फूल.

९.४०
लिहून एकीनेच कळवलं. प्रेमलाने. ग्रुपवर, सगळ्यांसमोर.
"काल आम्ही नव्व्याण्णव होतो. १ मेला तुम्ही येता काय? विहिरीवर उभी आहे, हंडा भरत आला. लवकर लिहा."